पॅरिसमधलं पंचतारांकित हॉटेल : खोली कशी निवडायची

पहिल्यांदा पॅरिसला गेले तेव्हा हॉटेल उत्तम होतं आणि खोली भिकार. पाच तारा, लॉबीत ताज्या फुलांचा घमघमाट, दारावर टोपीवाला दरबान. वर जाऊन पडदा सरकवला तर समोर हात लांब केला की लागेल अशी भिंत, भिंतीवरून उतरलेले पाइप आणि खाली भटारखान्याचं मागचं दार. पहाटे सहाला तिथे रिकाम्या बाटल्या काचेच्या कचरापेटीत ओतायला सुरुवात झाली. खळ्ळ. मग दोन मिनिटं शांतता. मग पुन्हा खळ्ळ. असं सलग तीन दिवस. त्याच हॉटेलात, त्याच आठवड्यात आमच्या सेल्सच्या साहेबांना मात्र कोपऱ्यावरची, बाल्कनीची खोली मिळाली होती. रात्रीला चाळीसच युरो जास्त. मी विचारलं, कुणाची ओळख होती का? ओळख कसली, त्यांनी बुकिंगच्या आधी हॉटेलला एक मेल टाकली होती.

तेव्हापासून मी हॉटेल निवडत नाही, खोली निवडते. पुण्यातल्या एका कंपनीत बरीच वर्षं वरिष्ठांच्या प्रवासाची व्यवस्था बघते आहे, त्यामुळे ऑफिसचं काम आणि 'लग्नाला पंचवीस वर्षं झाली, जरा चांगलं हॉटेल सांगा ना' असे घरचे फोन, दोन्ही माझ्याच टेबलावर येतात. बहुतेकांना जायचं असतं पॅरिसलाच, म्हणून पॅरिस धरूनच सांगते.

पहिली पायरी : वेळापत्रक लिहा, मग नकाशा उघडा

लोक उलटं करतात. आधी हॉटेलच्या फोटोंच्या प्रेमात पडतात आणि मग मीटिंग कुठे आहे ते बघतात. तुम्ही आधी एका कागदावर रोज सकाळी नऊला कुठे पोचायचंय आणि रात्री दहाला कुठून परतायचंय, एवढंच लिहा.

पॅरिस शहराचे वीस विभाग आहेत. त्यांना आराँदिसमाँ म्हणतात. मधोमध पहिला, आणि तिथून गोगलगाईच्या शंखासारखे गोल फिरत विसावा. हॉटेलच्या पत्त्यातल्या पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे हाच विभाग. ७५००१ म्हणजे पहिला, ७५००८ म्हणजे आठवा. 'शाँझेलिझेपासून जवळ' असं जाहिरातीत लिहिलंय आणि पिनकोड ७५०१७ आहे, तर ते 'जवळ' किती ते तुम्हीच मोजा. पिनकोड ७५ ने सुरूच होत नसेल तर हॉटेल पॅरिसच्या हद्दीबाहेर आहे. त्यात काही पाप नाही, पण माहीत हवं.

आता कामाची ठिकाणं. कंपन्यांची उंच काचेची ऑफिसं पश्चिमेला ला देफाँसमध्ये आहेत. तिथे मेट्रोची पहिली लाइन थेट जाते. ही लाइन त्विलरी, काँकॉर्द, जॉर्ज सँक, एत्वाल अशी शहराच्या सगळ्यात भारी पट्ट्याखालून जाते, त्यामुळे पहिल्या किंवा आठव्या विभागात राहून ला देफाँसला रोज जाणं अगदी सोपं आहे. पॅरिसच्या ट्रॅफिकमध्ये टॅक्सीत बसून घड्याळ बघण्यापेक्षा मेट्रो बरी. मोठमोठे अधिकारीही तिने जातात, कुणाला कमीपणा वाटत नाही.

प्रदर्शनाला जाणाऱ्यांनी मात्र आधी विचारावं, कुठलं प्रदर्शन? पोर्त द व्हेर्सायचं प्रदर्शनस्थळ शहराच्या दक्षिण टोकाला आहे. व्हिवाटेक हे तंत्रज्ञानाचं प्रदर्शन तिथे भरतं. तिथे मेट्रोची बारावी लाइन जाते. ही लाइन काँकॉर्दवरूनही जाते आणि सेन नदीच्या डाव्या, म्हणजे दक्षिण काठावरच्या सेव्र-बाबिलोन स्टेशनवरूनही. त्या स्टेशनच्या तोंडाशीच लुतेशिया हे पंचतारांकित हॉटेल आहे. व्हिलपँत मात्र पार उत्तरेला, विमानतळाच्या वाटेवर. खाद्यपदार्थांचं सियाल हे प्रचंड प्रदर्शन सम वर्षांत ऑक्टोबरमध्ये तिथे भरतं, आणि आपल्याकडची मसाले, आंब्याचा पल्प, द्राक्षं पाठवणारी मंडळी तिथे स्टॉल लावतात. शहराच्या मध्यातून व्हिलपँतला जायचं तर आरईआर या उपनगरी रेल्वेची बी लाइन. सकाळच्या गर्दीत हातात सॅम्पलची खोकी घेऊन त्या गाडीत शिरणं म्हणजे साडेआठची विरार लोकल पकडणंच. सियालला जाणाऱ्याला मी सांगते, स्टॉलवर उभं राहायचे दिवस विमानतळाजवळच्या साध्या, स्वच्छ हॉटेलात काढा आणि शेवटच्या दोन रात्री शहरात राजासारखे राहा. पाचही रात्री शहरातल्या महागड्या प्लास व्हाँदोम चौकात ऐटीत राहून रोज दोन-अडीच तास प्रवासात घालवण्यात काय ऐट आहे?

फिरायलाच जाणार असाल तर प्रश्न वेगळा. पहिल्या फेरीला लूव्र, त्विलरी बाग, नदी हे सगळं पायी होईल असा पहिला विभाग. दुसऱ्यांदा जाणाऱ्यांना सहावा-सातवा, म्हणजे सँ-जर्मँची बाजू. पुस्तकांची दुकानं, गल्ल्या, लुक्साँबूर बाग आणि संध्याकाळी खुर्च्या रस्त्यावर येतात ती कॅफे. आठवा विभाग, म्हणजे अव्हेन्यू माँतेन, अव्हेन्यू जॉर्ज सँक आणि शाँझेलिझे यांचा 'सोन्याचा त्रिकोण', ज्यांना खरेदी करायचीय त्यांचा. माझं स्पष्ट मत, रात्री नऊनंतर तो भाग जरा थंडच वाटतो.

नवव्या विभागात ऑपेराजवळ राहिलात तर बुलवार द काप्युसिनवर एक इमारत नक्की बघा. आज तिथे हॉटेल स्क्रीब आहे. त्याच्या तळघरातल्या 'सालाँ अँदियाँ' नावाच्या खोलीत, म्हणजे चक्क 'भारतीय दालनात', २८ डिसेंबर १८९५ ला ल्युमिएर बंधूंनी पहिल्यांदा तिकीट लावून आपले चित्रपट दाखवले. सहाच महिन्यांनी, ७ जुलै १८९६ ला, तोच खेळ मुंबईत झाला. तोही हॉटेलातच, काळा घोड्याच्या वॉटसनमध्ये. ती इमारत आता कशी उभी आहे ते मुंबईकरांना सांगायला नको.

दुसरी पायरी : तारखा हलतात का ते बघा

एकाच खोलीचा भाव एका आठवड्याच्या अंतराने दुप्पट झालेला मी पाहिला आहे. फॅशन वीक (मार्चच्या आसपास आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर, शिवाय जानेवारी आणि जून-जुलैत छोटे), मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा फ्रेंच ओपन, विषम वर्षांत जूनमध्ये ल बूर्झेचा एअर शो, आणि नाताळ ते नववर्ष. या दिवसांत चांगल्या खोल्या आधीच गेलेल्या असतात आणि उरलेल्या म्हणजे त्या पाइपवाल्या. याउलट फेब्रुवारीचा पूर्वार्ध स्वस्त. ऑगस्टमध्ये पॅरिसवाले स्वतःच गाव सोडून जातात. अनेक लहान रेस्तराँ बंद असतात, ऑफिसांत कुणी भेटत नाही, पण पंचतारांकित हॉटेलं भाव उतरवतात आणि वरच्या वर्गाची खोली द्यायला हात मोकळा ठेवतात.

उन्हाळ्याला हसू नका. २५ जुलै २०१९ ला पॅरिसमध्ये ४२.६ अंशांची नोंद झाली आहे. नागपूरकरांना त्यात नवल नाही, पण नागपुरात घर उन्हाळ्यासाठी बांधतात. पॅरिसची जुनी घरं थंडी अडवायला बांधलेली. पाच तारांत एसी असतोच. चार तारांत गृहीत धरू नका, विचारून घ्या.

तिसरी पायरी : तारांचा अर्थ आणि 'पॅलेस'ची पाटी

युरोपभर तारांचा एकच कायदा नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स यांनी मिळून निकष ठरवले आहेत, फ्रान्सचे वेगळे, इटली-स्पेनचे आणखी वेगळे. फ्रान्समध्ये पाच तारा हाच दर्जा २००९ मध्ये आला. त्याआधी चारवर संपत होतं. तारा पाच वर्षांसाठी मिळतात आणि पुन्हा तपासणी होते. पाच तारांच्या दुहेरी खोलीकडून किमान २४ चौरस मीटरची अपेक्षा असते, चार तारांकडून १६ ची. २४ चौरस मीटर म्हणजे सुमारे २५८ चौरस फूट. आपल्याकडच्या वन बीएचकेचा हॉल आणि स्वयंपाकघर एकत्र केलं की जेवढं होईल तेवढं. दुबईच्या किंवा बँकॉकच्या हॉटेलची सवय असलेला माणूस इथे आत आल्यावर 'बाकीची खोली कुठंय?' विचारतो. म्हणून मनाची तयारी आधीच करून ठेवा.

पाच तारांच्या वर फ्रान्समध्ये 'पॅलेस' नावाचा सरकारी मान आहे. तो २०१० मध्ये सुरू झाला. आधी तपासणी, मग परीक्षक मंडळ. इमारतीचं वैशिष्ट्य, इतिहास, सेवा, सगळं त्यात येतं. २०११ च्या पहिल्या यादीत रिट्झ, क्रियाँ आणि जॉर्ज सँक ही तिन्ही दिग्गज नव्हती, त्यावर बराच गदारोळ झाला होता. (जॉर्ज सँक म्हणजे पंचम जॉर्ज. ज्याच्या मुंबईभेटीची आठवण म्हणून आपलं गेट वे ऑफ इंडिया बांधलं, तोच.) यावरून एवढंच घ्या की पाटी नसणं म्हणजे हॉटेल कमी असं नाही. १८९८ साली सेझार रिट्झने उघडलेल्या त्या हॉटेलला कुणी पाटी लावली काय नि न लावली काय.

या बड्या हॉटेलांचे स्वभाव मात्र वेगवेगळे आहेत, आणि ते ओळखणं तारा मोजण्यापेक्षा उपयोगी. ल म्युरिस त्विलरी बागेसमोर, रिव्होली रस्त्यावर. पहाटे बागेत फेरी मारायची सवय असेल तर हेच. क्रियाँ काँकॉर्द चौकात, पंधराव्या लुईने बांधून घेतलेल्या १७५८ च्या वास्तूत. चार वर्षं बंद राहून २०१७ मध्ये पुन्हा उघडलं. ल ब्रिस्तॉल एलिझे या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्याजवळ. तिथे राजकारणी आणि वकील नाश्त्याला भेटतात, त्यामुळे ज्याला क्लाएंटवर छाप पाडायची त्याने तिथे नुसता चहा घेतला तरी भागतं. शांग्रि-ला एका बोनापार्त राजपुत्राच्या घरात आहे, आयफेल टॉवर समोर. श्व्हाल ब्लाँ २०२१ चं, सामारितेन या जुन्या दुकानाच्या इमारतीत, बहात्तरच खोल्या, नदी पायाशी. आणि लुतेशिया, १९१० चं, डाव्या काठावरचं. १९४५ मध्ये छळछावण्यांतून परत आलेल्या माणसांना याच हॉटेलात आणत आणि नातेवाईक दारात फोटो घेऊन उभे असत. ते माहीत असल्यावर त्या लॉबीत बसताना आवाज आपोआप खाली येतो.

चौथी पायरी : खोली

इथे वेळ घाला, कारण पैसे इथेच वसूल होतात नाहीतर बुडतात.

पॅरिसची जुनी इमारत आपल्या वाड्यासारखी असते. रस्त्याकडची बाजू आणि आतला चौक. चौकाकडच्या खोलीला ते 'कूर' म्हणतात, रस्त्याकडच्या खोलीला 'रू'. कूर वाईटच असं मुळीच नाही. चौकात बाग, कारंजं, झाडं असतील तर ती हॉटेलातली सर्वांत शांत खोली. पण त्याच नावाखाली उजेड येण्यापुरती ठेवलेली पोकळी, आपण जिला डक्ट म्हणतो, तीही विकली जाते. माझी होती ती हीच. म्हणून 'चौकाकडची आहे का?' एवढंच विचारू नका. 'खिडकीतून काय दिसतं आणि समोरची भिंत किती लांब आहे?' असं विचारा.

मग मजला. फ्रेंच लोक मजले आपल्यासारखेच मोजतात. तळमजला, मग पहिला. एकोणिसाव्या शतकात पॅरिसची पुनर्रचना करणाऱ्या ओस्मानच्या काळातल्या इमारतींत दुसरा मजला मानाचा, कारण तेव्हा लिफ्ट नव्हती आणि श्रीमंतांना फार जिने चढायचे नव्हते. छत उंच, खिडक्या मोठ्या, बाहेर बाल्कनी. पाचव्या मजल्यावर इमारतभर सलग बाल्कनी असते. आणि सगळ्यात वर, जस्ताच्या छपराखाली, पूर्वी मोलकरणी राहत. त्या खोल्या आता 'रोमँटिक मॅन्सार्ड' म्हणून विकतात. छत उतरतं, उंच माणसाचं डोकं आपटतं, आणि जुलैत जस्त तापतं. दिसतात मात्र सुंदर. ती जस्ताची छपरं बसवणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. कारागिरीला माझा नमस्कार, पण खोली मी खालची घेईन.

खोल्यांच्या नावांवर जाऊ नका. क्लासिक, सुपिरिअर, डीलक्स, प्रेस्टिज. एका हॉटेलातली सुपिरिअर दुसऱ्या हॉटेलातल्या क्लासिकहून लहान असते. चौरस मीटर बघा, दहाने गुणा, वर थोडे टाका, म्हणजे चौरस फूट. आणि तो आकडा बाथरूम धरून आहे की सोडून, हे विचारा.

पलंगाचं विसरू नका. ऑफिसचे दोन सहकारी एका खोलीत राहणार असतील तर 'ट्विन' लिहा, आणि दोन पलंगांत खरोखर अंतर आहे का ते विचारा. पुष्कळ ठिकाणी एकाच चौकटीवर दोन गाद्या असतात, मधे वीतभर फट. आमचे दोन इंजिनिअर चार रात्री तसे झोपले आणि परत आल्यावर आठवडाभर एकमेकांशी बोलेनात.

नवरा-बायको आणि दोन मुलं असं कुटुंब एका खोलीत बसवायची आपली सवय तिथे चालत नाही. खोलीत किती माणसं, हा आकडा ते काटेकोर पाळतात. 'जमवून घेऊ' रिसेप्शनवर चालत नाही. दोन खोल्या घ्याव्या लागल्या तर 'आतून दार असलेल्या' हव्यात असं लिहा. 'शेजारच्या' लिहिलंत तर मुलांची खोली कॉरिडॉरमधून दहा पावलं चालून जाण्याइतकी शेजारी मिळेल. आणि ते दार असलेल्या खोल्यांची हमी मेलवर घ्या. 'विनंती नोंदवली आहे' याचा अर्थ हमी नव्हे.

आयफेल टॉवर दिसणाऱ्या खोलीसाठी किती द्यावे? फिरायला गेलात, तीन रात्री आहेत, आणि रात्री उशिरा परतणार असाल, तर एका रात्रीपुरती घ्या. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं टॉवर लुकलुकतो, ते खिडकीतून एकदा पाहिलं की झालं. मात्र 'टॉवर दिसतो' आणि 'टॉवरसमोर' यांत फरक आहे. पहिल्यात बाल्कनीच्या कठड्यावरून मान वळवून बघावं लागतं. बिझनेससाठी गेलेल्याने त्यावर एक युरोही घालू नये. त्यापेक्षा चांगलं टेबल, दिवा आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना प्लग मागा. प्लगचं बोलणं क्षुल्लक वाटतं, पण शंभर वर्षांच्या इमारतीत रात्री फोन बाथरूममध्ये चार्ज करणारे साहेब मी पाहिलेत.

पाचवी पायरी : मेल

बुकिंगच्या आधी हॉटेलच्या रिझर्व्हेशनला, आणि मोठं हॉटेल असेल तर कॉन्सिएर्जला, म्हणजे पाहुण्यांची कामं करून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाला, एक मेल टाका. इंग्रजी चालतं, सुरुवातीला 'बाँझूर' लिहिलंत तर जास्त चालतं. फार लांब नको. कोण येतंय, कशासाठी, किती रात्री, आणि तीनच प्रश्न. आमची मेल साधारण अशी असते : आम्ही दोघं, कामासाठी, चार रात्री; पहाटे काम करतो म्हणून शांत खोली हवी; तुमच्या सुपिरिअर वर्गातल्या कोणत्या खोल्या चौकाकडे आहेत आणि त्यांतली कोणती तुम्ही स्वतः घ्याल? शाकाहारी आहोत, अंडं नाही. नाश्त्याला काय मिळेल? विमान सकाळी उतरतं, खोली किती वाजता मिळू शकेल?

'तुम्ही स्वतः कोणती घ्याल' हा प्रश्न सोन्याचा आहे. एका हॉटेलकडून उत्तर आलं, 'आमच्या सर्व खोल्या अतिशय आकर्षक आहेत.' दुसऱ्याने लिहिलं, 'चौथ्या मजल्यावरच्या चौकाकडच्या खोल्या शांत आहेत, पण तिसऱ्या मजल्यावरच्या नको, खाली नाश्त्याची जागा आहे आणि सातपासून कपबशांचा आवाज येतो. पाचव्याची एक कोपऱ्यातली खोली मी तुमच्यासाठी धरून ठेवतो.' कुणाकडे बुकिंग केलं असेल ते सांगायला नको. उत्तराला किती वेळ लागला हेही बघा. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर राहायला गेल्यावर काय होईल?

कॉन्सिएर्जच्या कोटाच्या कॉलरवर दोन सोनेरी किल्ल्या असतात, एकमेकींवर आडव्या. त्यांची संघटना १९२९ मध्ये पॅरिसमध्येच सुरू झाली. अशा माणसाला एक नीट काम द्या, ऑपेराचं तिकीट किंवा रविवारी उघडं रेस्तराँ, आणि बघा. मात्र आदल्या रात्री नव्हे, दोन आठवडे आधी.

सहावी पायरी : पैसे

चांगल्या पंचतारांकित हॉटेलात खोली साधारण चारशे-पाचशे युरोपासून आणि पॅलेसात हजार-दीड हजारापासून, वर मर्यादा नाही. त्यावर शहरकर आहे. २०२४ मध्ये तो एकदम वाढवला. त्या वर्षीचा आकडा पाच तारांत माणशी रात्री १०.७३ युरो, पॅलेसात १४.९५. अठराखालच्या मुलांना माफ. चार माणसं, पाच रात्री असा हिशोब केलात तर ही रक्कम किरकोळ राहत नाही. बरेचदा तो ऑनलाइन भावात धरलेला नसतो आणि निघताना बिलात उगवतो. नाश्ता भावात आहे का ते बघा. पॅलेसात नाश्ता चाळीस-साठ युरोंचा असतो. तोच क्रोआसाँ आणि कॉफी कोपऱ्यावरच्या बेकरीत दहाच्या आत.

कुठून बुक करायचं? बुकिंग साइटवर भाव बघा, मग हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर बघा. फरक थोडा असेल तर थेट करा, कारण खोल्या वाटताना थेट आलेल्या पाहुण्याला आधी चांगली मिळते. काही क्रेडिट कार्डांच्या हॉटेल योजनांतून त्याच भावात दोघांचा नाश्ता, संध्याकाळी चारला चेक-आउट आणि शक्य असल्यास वरच्या वर्गाची खोली मिळते. कार्डाची योजना वाचली नसेल तर आज वाचा. टूर पॅकेज म्हणून पैसे भरलेत तर टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा कर) लागतो, तेवढं आपल्या सीएला विचारून ठेवा.

कार्डाचं आणखी एक. चेक-इनला हॉटेल ठरावीक रक्कम कार्डावर अडवून ठेवतं, ती सुटायला निघाल्यानंतरही काही दिवस जातात. फॉरेक्स कार्ड दिलंत तर तुमचे खर्चायचे पैसेच अडकतात. त्यामुळे अडवायला क्रेडिट कार्ड द्या, शेवटचं बिल हवं तर फॉरेक्सने भरा. आणि मशीनने 'रुपयांत भरता का?' विचारलं की युरो निवडा. रुपये निवडलेत की भाव मशीनवाला ठरवतो.

ऑफिसच्या कामाला गेला असाल तर बिलावर कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता आधीच लिहायला सांगा. परत आल्यावर अकाउंट्सवाले दुरुस्ती मागतात आणि तोवर हॉटेल विसरलेलं असतं.

सातवी पायरी : व्हिसा आणि सकाळचं विमान

शेंगेन व्हिसासाठी प्रत्येक रात्रीचं बुकिंग दाखवावं लागतं, आणि त्यावर सोबतच्या प्रत्येकाचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं. 'श्री. व सौ.' चालत नाही. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत मिळणारं बुकिंग ठेवा. पंधरा टक्के स्वस्त म्हणून परत न मिळणारं घेतलंत आणि व्हिसा लांबला, तर ती बचत कुणाला सांगणार? प्रवास विमा किमान तीस हजार युरोंचा, तो वेगळा.

मुंबईहून रात्री निघणारी थेट विमानं पॅरिसला सकाळी उतरतात. हॉटेलात खोली मिळते दुपारी तीनला. रात्रभर विमानात अवघडून बसलेल्या माणसाला सहा तास लॉबीत बसवणं म्हणजे शिक्षाच. सकाळी अकरानंतर मीटिंग असेल तर मी सरळ आदल्या रात्रीचं बुकिंग करते आणि हॉटेलला लिहून कळवते की पाहुणे सकाळी साडेआठला येतील, 'आले नाहीत' म्हणून बुकिंग रद्द करू नका. ही ओळ विसरलात तर पैसेही गेले आणि खोलीही. फिरायला जाणाऱ्यांनी पैसे वाचवावेत, बॅगा रिसेप्शनला ठेवाव्यात आणि नदीकाठी चालायला जावं. चार्ल्स द गॉल विमानतळावरून टॅक्सीचा भाव सरकारने ठरवलेला आहे. २०२४ पासून उजव्या काठाला ५६ युरो, डाव्या काठाला ६५. आत लागलेला ताजा दर वाचा आणि बाहेर ओरडून गिऱ्हाईक गोळा करणाऱ्याबरोबर जाऊ नका. ऑर्ली विमानतळाला आता मेट्रोची चौदावी लाइन पोचते.

आठवी पायरी : चहा, जेट आणि भात

खोलीत कॉफी मशीन असतं, पाणी तापवायची किटली बरेचदा नसते. 'बुइल्वार' मागा, आणून देतात. चहा-साखर घरून न्यावी, त्यात लाज कसली. संडास बाथरूमपासून वेगळा असू शकतो आणि जेट स्प्रे नसतो. काही नव्या खोल्यांत जपानी पद्धतीचं कमोड आहे, पाहिजे तर मेलमध्ये तोही प्रश्न टाका. शाकाहारींना नाश्त्याला अडचण येत नाही, रात्री येते. जैन असाल तर शब्द वापरू नका, काय चालत नाही ते लिहा. कांदा, लसूण, बटाटा, अंडं.

चौथ्या दिवशी भात-वरणाची आठवण येतेच. गार द्यू नॉर स्टेशनच्या मागे ला शापेल भागात दक्षिण भारतीय खाणावळी आहेत, डोसा बरा मिळतो. तिथेच पाजोल रस्त्यावर श्रीमाणिक्क विनायकर मंदिर आहे. गणेश चतुर्थीच्या सुमारास त्याचा रथ पॅरिसच्या रस्त्यांवरून निघतो, लोक नारळ फोडतात. तमिळ मंडळींचा उत्सव आहे, पण बाप्पा आपलाच. सप्टेंबरच्या आगेमागे जात असाल तर तारीख बघून ठेवा.

शेवटची पायरी : बॅगा वर येण्याआधी

एवढं सगळं करूनही चुकीची खोली मिळू शकते. म्हणून खोलीत गेल्याबरोबर बॅगा यायच्या आत तीन गोष्टी करा. खिडकी उघडा आणि खाली बघा. शॉवर सोडा आणि पाणी गरम व्हायला किती वेळ लागतो ते बघा. मग दार लावून दोन मिनिटं गप्प उभे राहा. लिफ्टचा, एसीच्या यंत्राचा, शेजारच्या टीव्हीचा आवाज येतो का ऐका. नको असेल तर लगेच खाली जा. भांडू नका, आवाज चढवू नका, ऑनलाइन रिव्ह्यूची धमकी तर मुळीच देऊ नका. 'बाँझूर' म्हणा, छापून नेलेली मेल समोर ठेवा आणि शांतपणे सांगा की यात चौकाकडची, चौथ्या मजल्याच्या वरची खोली लिहिली आहे. पलंगावर एकदा बॅग उघडली की ती खोली वापरलेली धरली जाते, ती पुन्हा साफ करावी लागते आणि मग बदलून द्यायला कुणी उत्सुक नसतं. त्या आधीच्या दहा मिनिटांत मात्र बहुतेक वेळा दुसरी किल्ली हातात येते.